‘नो रिकोर्स’ लिहिण्याआधी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. इंदूरला सांवेर रोडवर आमचं कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) २०२१ची. पिथमपूरच्या एका कंपनीला १० जानेवारीला माल पोचवला. बिल ४,१२,००० रुपयांचं. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवसांची मुदत होती, तीही उलटली. आता जून संपत आला, पण हातात फक्त ‘पुढच्या आठवड्यात करतो’. पुतण्याने कडक इंग्रजीत पत्र तयार केलं आहे. त्याचा शेवट असा: ‘वी हॅव नो रिकोर्स. किंडली रिलीज पेमेंट.’ मुलगी म्हणते, हे चुकीचं आहे, ‘वी विल रिकोर्स टू लीगल ॲक्शन’ असं हवं. दोघांचं जुंपलं आहे. दुसरं असं की ती कंपनी म्हणते, बिलं ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था) टाका, लगेच पैसे मिळतील. तिथल्या कागदावर ‘विदाउट रिकोर्स’ असं छापलंय. उद्या काही झालं तर आम्हाला दादच मागता येणार नाही, असा याचा अर्थ असेल तर सही कशी करायची?
— एक वाचक, इंदूर

उत्तर

सप्रेम नमस्कार. पुतण्या आणि मुलगी दोघंही थोडे थोडे चुकले आहेत. पण तुमची मोठी चूक होता होता राहिली आहे ती ट्रेड्सच्या कागदाच्या बाबतीत. ज्या शब्दांना तुम्ही घाबरलात, तेच तिथे तुमच्या बाजूने उभे आहेत. आणि ज्या वाक्याने समोरच्याला दरडावता येईल असं वाटलं, ते तुमच्याच अंगावर येतं.

‘रिकोर्स’ हा शब्द कुठेही दिसला की आधी दोन गोष्टी विचारायच्या. दाद मागण्याचा हक्क कोणाचा, आणि कोणाविरुद्ध? ‘नो’ किंवा ‘विदाउट’ लागलं की तो हक्क कोणाचा तरी जातो. तो तुमचा गेला की समोरच्याचा, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. वाक्यातला कर्ता बघावा लागतो. पुतण्याच्या वाक्यात कर्ता ‘वी’ आहे, म्हणजे तुम्ही. ‘वी हॅव नो रिकोर्स’ आणि पुढे पूर्णविराम. याचा सरळ अर्थ, आमच्याकडे आता कुठलाच मार्ग उरलेला नाही. असं लिहिल्याने कायद्याने तुमचा हक्क बुडत नाही, पण अकाउंट्समधला माणूस ते वाचून निवांत होतो. ज्याच्याकडे मार्गच नाही त्याचं बिल गठ्ठ्याच्या तळाशी.

वाक्य पुरं करतं ते ‘बट टू’. ‘नो रिकोर्स बट टू’ आणि त्यानंतर क्रियापद. म्हणजे हा एकच मार्ग उरला आहे आणि तो आम्ही घेणार आहोत. ‘दॅन’ वापरायचं असेल तर आधी ‘अदर’ हवं: ‘नो अदर रिकोर्स दॅन टू’. नुसतं ‘नो रिकोर्स दॅन’ इंग्रजीत बसत नाही, तरी व्यापारी पत्रांत ते सर्रास दिसतं.

मुलीच्या वाक्यातली अडचण वेगळी. ‘रिकोर्स’ हे नाम आहे, त्याचं क्रियापद होत नाही. क्रियापद हवं असेल तर ‘रिसॉर्ट टू’ आहे, पण ‘वी विल रिसॉर्ट टू लीगल ॲक्शन’ जरा हातघाईवर आल्यासारखं वाटतं. नामच ठेवायचं तर ‘हॅव रिकोर्स टू’. आपल्याकडच्या निकालपत्रांत आणि नोटिशींत ‘टेक रिकोर्स टू’ भरपूर सापडतं, भारतात ते कोणी चूक धरणार नाही. बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना मात्र ‘हॅव’च बरं. ‘रिकोर्स टू’ नंतर मार्गाचं नाव येतं (कोर्ट, लवाद, कौन्सिल), आणि ‘रिकोर्स अगेन्स्ट’ नंतर ज्याच्याकडून वसूल करायचं त्याचं. या दोन शब्दयोगी अव्ययांची अदलाबदल झाली तर कराराचा अर्थ फिरतो. साध्या पत्रात फक्त हसू होतं. आणि पाठवण्याआधी एकदा डोळ्यांनी वाचा, कारण मोबाइल आणि संगणक ‘रिकोर्स’चं ‘रिसोर्स’ करून टाकतात. ‘वी हॅव नो रिसोर्स’ म्हणजे आमच्याकडे साधनसामग्री नाही. उधारी वसूल करणाऱ्याने हे लिहू नये.

इतकं सांगूनही आमचं मत असं की हे वाक्य पत्रात सगळ्यात शेवटी आणि एकदाच यावं. त्यात मार्गाचं नाव असावं. ‘लीगल ॲक्शन’ या शब्दांना आता धार राहिलेली नाही, प्रत्येक तगादापत्रात ते असतात. पुतण्याच्या मसुद्यात बिलाचा नंबर नाही, माल पोचल्याची तारीख नाही, शेवटची मुदत नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत ‘डीपली अग्रीव्ह्ड’ आहे, ‘अटमोस्ट अर्जन्सी’ आहे, आणि रक्कम मात्र एकदाच, तीही आकड्यात ३,१२,०००. ते आधी दुरुस्त करा.

मार्गाचं नाव लिहायचं तर मार्ग माहीत हवा. तुम्ही मायक्रो किंवा स्मॉल गटात असाल तर तुमच्या हातात २००६चा एमएसएमईडी कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा कायदा, आहे. त्याच्या कलम १५प्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. म्हणजे पर्चेस ऑर्डरवरच्या ९० दिवसांना इथे काही अर्थ नाही. तुम्ही ते मान्य करून सही केली असली तरीही. १० जानेवारीपासून ४५ दिवस म्हणजे २४ फेब्रुवारी. व्याज २५ फेब्रुवारीपासून चालू होतं, १० एप्रिलनंतर नाही. तुमच्या पत्रात ‘९० दिवसांची मुदत उलटली’ असं लिहून तुम्ही स्वतःच दीड महिन्याचं व्याज सोडून देताय.

‘माल स्वीकारला’ कधी, यावर कंपन्या हमखास वाद घालतात. क्वालिटी तपासणी बाकी होती, स्टोअरने पास केलं नव्हतं, वगैरे. कायद्यात याचं उत्तर आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस धरतात. फोनवरची कुरकुर हरकत होत नाही. म्हणून स्टोअरच्या शिक्क्याची चलनप्रत आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) शोधून ठेवा. शिक्क्यावर तारीख उमटली आहे का ते बघा. शाई पुसट असेल तर आत्ताच फोटो काढून ठेवा.

व्याजाचा दर कलम १६मध्ये आहे: रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ. रेपो दर आणि बँक दर वेगळे असतात, बातम्यांत झळकतो तो बहुतेक वेळा रेपो. त्यामुळे आकडा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून घ्या. समजा बँक दर ५.५० टक्के धरला, तर व्याज वर्षाला १६.५० टक्के, म्हणजे महिन्याला १.३७५. ४,१२,००० वर पहिल्या महिन्याचे ५,६६५ रुपये. २५ फेब्रुवारी ते २४ जून या चार महिन्यांचं चक्रवाढ धरून साधारण २३,१३२. हा तक्ता महिनावार करून पत्राला जोडा. ‘डीपली अग्रीव्ह्ड’ काढून तिथे हे चार आकडे टाकले की पत्राचं वजन वाढतं, कारण त्यांच्या सीएला तो तक्ता वाचता येतो.

कायद्याच्या कलम १८खाली राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या पुरवठादारांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करता येतो. पुरवठादार जिथला, तिथल्या कौन्सिलला अधिकार असतो. ग्राहक भारतात कुठलाही असो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. कागदावर मुदत ९० दिवसांची आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे गृहीत धरूनच चला. पण कंपनीला निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात, आणि याच तरतुदीमुळे बऱ्याच कंपन्या समेटाच्या टेबलावरच मिटवतात. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असणं इथे फार कामाला येतं. तुमची २०२१ची आहे, तेव्हा तो वाद उद्भवत नाही.

हा मार्ग सोडून थेट दावा लावायचा म्हटलं, तर ‘नो रिकोर्स बट टू फाइल अ सूट फोर्थविथ’ हे वाक्य इंग्रजी म्हणून निर्दोष, पण कायद्याने खोटं ठरतं. ३ लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर २०१५च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी करावी लागते. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते. मध्यस्थी न करता दावा टाकला तर तो फेटाळला जाऊ शकतो. समोरच्याचा वकील तुमचं पत्र वाचेल तेव्हा त्याला हे ठाऊक असेल. कंपनीने चेक दिला असता आणि तो परत आला असता, तर गोष्ट निराळी. तिथे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, आणि मग एका महिन्यात तक्रार. तशा नोटिशीत भाषेपेक्षा तारखा सांभाळाव्या लागतात.

तेव्हा पत्राचा शेवट असा करा:

‘इफ रुपीज ४,१२,००० विथ इंटरेस्ट अंडर सेक्शन १६ इज नॉट रिसीव्ह्ड बाय १५ जुलै, वी शॅल हॅव नो रिकोर्स बट टू फाइल अ रेफरन्स बिफोर द फॅसिलिटेशन कौन्सिल अंडर सेक्शन १८ ऑफ द एमएसएमईडी ॲक्ट, २००६.’

‘शॅल हॅव’ आहे, ‘हॅव’ नाही, हे बघा. आज तुमच्याकडे मार्ग आहेत, १५ जुलैला पैसे आले नाहीत तर हा एकच उरेल. आणि १६ जुलैला अर्ज खरंच टाकायचा असेल तरच हे लिहा. दोनदा दिलेली शेवटची मुदत तिसऱ्यांदा कोणी वाचत नाही. खरं तर हे सगळं स्वच्छ हिंदीत लिहिलं तरी कायद्याने तितकंच चालतं. पिथमपूरच्या अकाउंट्सला ते बहुधा जास्त लवकर कळेल. इंग्रजीचा आग्रह पुतण्याचा दिसतो.

आणखी एक घोटाळा होतो, तो सांगून ठेवतो. पत्राच्या माथ्यावर काही लोक ठळक अक्षरांत ‘विदाउट रिकोर्स’ लिहितात. त्यांना लिहायचं असतं ‘विदाउट प्रेज्युडिस’. दोन्हींत ‘विदाउट’ आहे म्हणून, दुसरं काही कारण नाही. ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे आमच्या हक्कांना बाधा न येता. तडजोडीच्या बोलण्यात ते लिहितात, म्हणजे दाखवलेला नरमपणा पुढे तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरता येऊ नये. कंपनीने उद्या दोन लाख पाठवले आणि मेलमध्ये ‘फुल अँड फायनल’ असं लिहिलं, तर त्याच दिवशी उलट मेल करा: रक्कम ‘ऑन अकाउंट’ (एकूण येण्यापैकी काही भाग म्हणून) जमा केली आहे, ‘विदाउट प्रेज्युडिस टू अवर क्लेम फॉर द बॅलन्स’. इथे चुकून ‘विदाउट रिकोर्स’ लिहाल तर तलवार उपसून मूठ समोरच्याच्या हातात दिल्यासारखं होईल.

आता ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली याची मार्गदर्शक तत्त्वं आणली. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट ही त्यातली प्लॅटफॉर्म. तुम्ही बिल चढवता, कंपनी ते ऑनलाइन स्वीकारते, मग बँका आणि फॅक्टरिंग कंपन्या (उधारीची बिलं विकत घेणाऱ्या) त्यावर दराची बोली लावतात. तुम्ही बोली पत्करली की व्याज कापून रक्कम तुमच्या खात्यात येते. मुदत भरली की कंपनी ती रक्कम बँकेला देते. आणि कंपनीने नाही दिली तर? इथे ते शब्द येतात: ‘विदाउट रिकोर्स टू द सेलर’. बँकेला तुमच्याकडे वळता येत नाही. म्हणजे गेला तो बँकेचा हक्क, आणि तोही तुमच्याविरुद्धचा. तुम्ही सुटलात. ट्रेड्सवरचे सगळे व्यवहार विक्रेत्यापुरते असेच असतात, कागदावर ते शब्द नसते तर उलट तुम्ही विचारायला हवं होतं.

तुमच्या बँकेच्या शाखेतलं नेहमीचं बिल डिस्काउंटिंग (बिलावर व्याज कापून आधीच पैसे देणं) बहुधा याच्या उलट, ‘विथ रिकोर्स’ असतं. ग्राहकाने पैसे दिले नाहीत की बँक तुमच्याच सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून ओढून घेते. त्यामुळे ट्रेड्सबाहेरच्या कुणी एजंटाने ‘विदाउट रिकोर्स’ स्कीम म्हणून कागद आणला तर मथळ्यावर जाऊ नका. आतल्या पानांत ‘रीपर्चेस’, ‘बाय बॅक’, ‘इन्डेम्निफाय’, ‘रिफंड ऑन डिमांड’ असे शब्द शोधा. ग्राहकाने पैसे न दिल्यास ९० दिवसांनी विक्रेता बिल परत विकत घेईल, असं एखादं कलम असलं की मथळ्यातलं ‘विदाउट’ गेलंच म्हणून समजा. माल न देता बिल चढवलं किंवा मालात खोट निघाली तर कुठेच सुटका नाही, ट्रेड्सवरही नाही. ‘विदाउट रिकोर्स’ झाकतं ते ग्राहकाचं पैसे न देणं, विक्रेत्याची लबाडी नाही.

खर्चाचा अंदाज घ्या. ४,१२,००० चं बिल, ६० दिवस बाकी, बोली ९ टक्क्यांची धरली, तर कापले जाणारे साधारण ६,०९५ रुपये. हे व्याज कोणी सोसायचं ते कंपनीशी आधीच लेखी ठरवा.

पण जानेवारीचं बिल तिथे चालणार नाही. ट्रेड्स मुदत न भरलेल्या बिलांसाठी आहे. पाच महिने जुनं, थकलेलं बिल घेऊन कंपनी ‘ट्रेड्सवर टाका’ म्हणते तेव्हा दोनच शक्यता. एक तर ती पुढच्या मालाबद्दल बोलते आहे. मग जरूर टाका, आणि पुढची ऑर्डर त्याच अटीवर घ्या. नाहीतर जुनं बिल रद्द करून आजच्या तारखेचं नवं काढा, असं सुचवते आहे. ते करू नका. जीएसटीत एकाच मालाची दोन बिलं होतील, ई-वे बिलाशी तारीख जुळणार नाही, आणि फेब्रुवारीपासूनचं व्याज तुम्ही आपल्या हाताने पुसाल.

त्याऐवजी कंपनीकडून बॅलन्स कन्फर्मेशन मागा. ३१ मार्चला तुमच्या खात्यात इतकी रक्कम येणे बाकी आहे, असं त्यांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी. ऑडिटसाठी हवंय म्हटलं की अकाउंट्सवाले सहसा खळखळ करत नाहीत. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि मुदतीच्या आत मिळालेल्या अशा लेखी कबुलीने ती कबुलीच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. हे पत्र हाती आल्यावरच कडक पत्र पाठवा. उलट क्रमाने केलं तर कन्फर्मेशन मिळायचं नाही.

तुमच्या पाकिटातला तिसरा कागद, भाचीच्या ब्रिटनच्या व्हिसाची प्रत, बहुतेक सहज आत गेली असावी. त्यावरच्या ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ खाली तुम्ही पेन्सिलने रेघ मारली आहे, म्हणून सांगतो. इथे ‘टू’ आहे, म्हणजे मार्ग बंद आहे तो सरकारी मदतीचा: युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, घरभाड्याची मदत वगैरे. तिथली सरकारी आरोग्यसेवा आणि सरकारी शाळा या यादीत मोडत नाहीत. दुकानदाराने फसवलं किंवा घरमालकाने डिपॉझिट अडवलं तर कोर्टात जायला तिला कोणी अडवत नाही.

पत्र स्पीड पोस्टने पाठवा, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर. पिथमपूरच्या प्लँटवर दुसरी प्रत, आणि पीडीएफ अकाउंट्स व पर्चेस दोघांच्या मेलवर. सोबत पर्चेस ऑर्डर, बिल, शिक्क्याची चलनप्रत, व्याजाचा तक्ता आणि उद्यम प्रमाणपत्र. सही मालकाची किंवा भागीदाराची, पुतण्याची नको, तो फर्ममध्ये अधिकृत नसेल तर त्यावरूनच एक महिना जाईल. पोस्टाच्या पावतीवरचा क्रमांक पत्राच्या ऑफिस कॉपीवर लिहून ठेवा आणि आठवड्याभरात पोच झाल्याचं पान डाउनलोड करून छापून घ्या, कौन्सिलच्या अर्जाला तेही जोडता येईल.